पावसाळ्यातला हप्ता

“हप्ता पावसाळ्यातही भरावाच लागतो ताई, पापड मात्र वाळत नाहीत,” असे आज ठाण्यातील बचत गटांच्या प्रदर्शनात मुरबाडकडून आलेल्या एक मावशी नाचणीच्या पापडांचे पाकीट हाती देत म्हणाल्या, आणि ते वाक्य अजून मनातून जात नाही.

शेती आणि ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक असलेल्या नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. जमीन किंवा दागिने तारण न ठेवता, एकमेकींच्या भरवशावर कर्ज घेणे त्यातून गावोगावच्या बायकांना शक्य झाले. हे काम मला फार मोलाचे वाटते.

पण पापड, कुरडया, सांडगे हे सारे उन्हावर चालणारे उद्योग आहेत. अशा गटांना जून ते सप्टेंबर हप्ता हलका हवा, मुद्दल नंतर घेतले तरी चालेल.

पीककर्जाची परतफेड हंगाम पाहून ठरते, मग वाळवणाच्या कर्जाची का ठरू नये?