जुन्या सागाच्या टेबलाला बेलतेल: दुसरा हात झाला

जुन्या दाराच्या चौकटी चिरून काढलेल्या सागाच्या फळ्या, वरचा भाग ४ बाय २ फूट. रंधा मारून १२०, १५० आणि शेवटी १८० नंबरचा घासायचा कागद फिरवला. त्याहून बारीक कागद आताच मारला की पृष्ठभाग घोटला जातो आणि तेल कमी मुरतं.

सागाच्या प्रत्येक वाढीच्या वलयाच्या सुरुवातीला नुसत्या डोळ्यांनी दिसणारी मोठी छिद्रं ओळीनं असतात, पुढे ती बारीक होत जातात. त्यामुळे एकाच फळीवर एक पट्टा तेल भसाभस पितो आणि शेजारच्या पट्ट्यावर ते तसंच उभं राहतं. अशा लाकडावर सगळं काम पुसण्यावर ठरतं, हे मनाशी पक्कं करूनच डबा उघडावा.

कच्चं अळशीचं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. खोबरेल कधीच सुकत नाही, वर खवट वास येतो. टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं) पाण्याला चांगलं टिकतं आणि पिवळंही कमी पडतं, पण प्रत्येक हाताला वेळ फार घेतं. म्हणून इथे डबल बॉइल्ड बेलतेल (लवकर सुकावं म्हणून प्रक्रिया केलेलं अळशीचं तेल), तेलातलं वार्निश आणि टर्पेंटाइन समभाग, प्रत्येकी ५० मिली.

तेलाआधी दोन गोष्टी. छिद्रांतला भुसा कडक ब्रशनं लाकडाच्या रेषेच्या दिशेनं झाडून काढायचा, नाहीतर तेलाखाली फिकट ठिपके कायमचे राहतात. मग ॲसिटोनचा बोळा फिरवायचा. सागाचं स्वतःचं तेल बेलतेलाला सुकू देत नाही. ॲसिटोन उडालं की लगेच पहिला हात, कारण आतलं तेल पुन्हा वर येत राहतं. शिसवीला तर हे आणखी कटाक्षानं पाळावं.

पहिल्या हाताला साधारण ७० मिली मिश्रण लागलं. सढळ हातानं लावून २० मिनिटं ठेवलं, कोरडे पडलेले पट्टे पुन्हा ओले केले, मग सुती कापडानं पूर्ण पुसलं. पुसून अर्धा तास होतो न होतो तोच छिद्रांच्या तोंडाशी तेलाचे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब उभे राहतात. लाकूड तापलं की छिद्रांतली हवा फुगते आणि तेल बाहेर ढकलते. म्हणून हे काम उन्हात कधीच करू नये, दुपार उतरल्यावर करावं. थेंब थांबेपर्यंत दर अर्ध्या तासानं पुसत राहावं लागतं. ते तसेच सुकले तर चकचकीत, चिकट पुळ्या होतात. मग तेलात भिजवलेल्या नायलॉनच्या स्क्रबरनं घासून काढाव्या. स्टील वूल (लोखंडी तारांचा घासणीसारखा पुंजका) टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, जास्त असलेल्या लाकडावर वापरू नये, अडकलेल्या तारांचे काळे डाग पडतात.

दुसरा हात २४ तासांनी; पावसाळी हवेत ४८ तास थांबणं बरं. या वेळी तेल ओतून ३२० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरता येणारा घासायचा कागद) रेषेच्या दिशेनं फिरवायचा. भुसा आणि तेलाचा चॉकलेटी लगदा तयार होतो, तीच सागाच्या रंगाची लांबी, म्हणजे छिद्रं भरायची पुट्टी. १५ मिनिटांनी पुसताना कापड रेषेला आडवं फिरवायचं. उभं फिरवलं तर लगदा छिद्रांतून उपसून निघतो. मोठी छिद्रं एका फेरीत पूर्ण भरत नाहीत आणि भरायलाही नकोत. सागाचा पोत थोडा हाताला लागलेलाच छान.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते, ती गठ्ठ्यात कोंडली तर कापड आपोआप पेट घेतं. मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवावीत.

तिसरा हात बोळ्यानं, अगदी पातळ. खालच्या बाजूलाही तेवढेच हात, नाहीतर दमट हवेत फळी वाकायला निमित्त मिळतं. त्यानंतर महिनाभर टेबलावर गरम भांडं किंवा ओला पेला ठेवायचा नाही.