सदाफुलीचं देणं

माझ्या तळपायांना अजून पुरती जाणीव आलेली नाही. लिम्फोमा या कॅन्सरसाठी केमो झाली, तिच्यात व्हिनक्रिस्टीन नावाचं औषध होतं. ते कॅन्सरच्या पेशी वाढू देत नाही, पण नसांनाही दुखावतं. मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. डॉक्टरांनी वारीला होकार दिला तो एका अटीवर: रोज संध्याकाळी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या नीट तपासायच्या. फोड आला तरी मला कळणार नाही, आणि न कळलेला फोडच चिघळतो.

म्हणून आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर निघाले तेव्हा पिशवीत छोटा आरसा होता. दिंडीतल्या एका मावशींनी तो पाहिला, कशाला ते विचारलं, आणि मग मला एकदाही वाकू दिलं नाही. हरिपाठ झाला की समोर येऊन बसायच्या. "माऊली, पाय पुढं करा." मी संकोचले की म्हणायच्या, "पाय तुमचे न्हवं, पांडुरंगाचे. द्या हिकडं."

पुणे ते सासवड ही सगळ्यात लांबची मजल, आणि तिच्यातच दिवे घाट. चढावर पाऊल कुठं पडतंय हे पायाला समजेना. टाळांना मात्र समजत होतं. ठेका धरून पाऊल टाकलं की ते बरोबर पडायचं, अभंग थांबला की मी अडखळायचे. घाट मी कानांनी चढले, असं म्हटलं तर खोटं नाही.

व्हिनक्रिस्टीन सदाफुलीपासून काढतात. आपल्या अंगणात बारमाही फुलणारी, देवाला वाहायची सदाफुली मूळची आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरची. अमेरिकेत या औषधाला १९६३ साली मान्यता मिळाली. त्याआधी रक्ताच्या कॅन्सरची मुलं बहुतेक जातच असत. आज श्रीमंत देशांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर झालेल्या १० मुलांमधली जवळपास ९ वाचतात, आणि त्या उपचारात हे औषध असतंच. मीही त्याच्यामुळे चालते आहे. आणि ते झाड जिथलं, त्या मादागास्करात पाच वर्षांखालच्या १० मुलांपैकी सुमारे ४ मुलांची वाढ कुपोषणानं खुंटलेली आहे. २०२१ च्या दुष्काळात बेटाच्या दक्षिणेला लोकांनी टोळ आणि निवडुंगाची पानं खाऊन दिवस काढले. उपचार संपल्यावर हे वाचलं आणि मला स्वस्थ बसवेना.

नातेवाइकांना, जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं: मी गाठेन त्या प्रत्येक मुक्कामामागे काही रक्कम द्या, तिथल्या मुलांना शाळेत जेवण मिळावं म्हणून पाठवू. "आपल्याकडं उपाशी लेकरं कमी आहेत का?" असं काहींनी विचारलं. कमी नाहीत. त्यांच्यासाठीही जमेल ते करतेच. पण माझ्या नसांतून जे वाहिलं ते त्या मातीतलं होतं. त्याचे पैसे कारखान्याला मिळाले, दुकानाला मिळाले. त्या मातीतल्या लेकराला माझ्याकडून काहीच पोचलं नव्हतं. हे मी उपकार म्हणून करत नाही, देणं म्हणून करते.

नीरा ओलांडून लोणंदकडे जाताना मावशींना हे सगळं सांगितलं. त्यांचं सारं लक्ष त्या वर्षी आभाळाकडे होतं. घरी पेरणी करून आल्या होत्या आणि पावसानं ओढ दिली होती. त्यांनी पैशांचं काही विचारलं नाही, देशाचं नावही नाही. "तिथं आता पाऊस हाय का?" मी म्हटलं, त्यांचा पाऊस आपल्या थंडीत येतो. बराच वेळ त्या तशाच चालत राहिल्या.

पंढरपुरात दर्शनाची रांग फार लांब, म्हणून आम्ही कळसाला हात जोडले. मावशींनी आधी आपल्या गावासाठी पाऊस मागितला, मग तिकडच्यांसाठी, थंडीतला.

परतल्यावर जमलेली रक्कम पाठवली. पुढच्या वारीलाही देऊ, असं बऱ्याच जणांनी आत्ताच कळवलं आहे. डॉक्टरांनीही.