शेतकरी हा क्लास नव्हे

उद्यमनगरातल्या आमच्या कार्यालयात गेल्या महिन्यात आम्ही पाच जण मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानाच्या सॉफ्टवेअरचा आराखडा तपासायला बसलो. कोडची एकही ओळ लिहिलेली नव्हती, आणि तपासणीला याहून योग्य वेळ नाही, असे माझे ठाम मत आहे.

आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीतला एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो: बैठकीत दोष केवळ नोंदवायचे, त्यांवर उपाय शोधत बसायचे नाही. आराखडाही तो करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने समजावून सांगायचा.

क्लास म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या एका प्रकारच्या वस्तूंचा साचा, आणि क्लास डायग्राम म्हणजे अशा साच्यांचे व त्यांच्या नात्यांचे चित्र. आमच्या क्लास डायग्राममध्ये 'खातेदार' हा मूळ क्लास होता आणि 'शेतकरी' व 'खरेदीदार' हे त्याचे गुण वारशाने घेणारे दोन उपक्लास होते. चित्र इतके नेटके होते की कोणालाच शंका आली नाही. मग आम्ही गुळाच्या एका सौद्याचा माग घेत सिक्वेन्स डायग्राम, म्हणजे पायऱ्यांचा क्रम दाखवणारे चित्र, वाचू लागलो: गूळ उतरला, सौदा निघाला, वजन झाले, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, तयार झाली. आमच्या एका सहकारी मुलीच्या घरी, करवीर तालुक्यात, गुऱ्हाळ आहे; ती मध्येच थांबली आणि तिने विचारले की, स्वतःचा गूळ विकणाऱ्या शेतकऱ्याने त्याच दुकानातून दुसऱ्याचा गूळ घेतला, तर काय करायचे? 'शेतकरी' या साच्यातून तयार झालेला ऑब्जेक्ट, म्हणजे त्या माणसाची सॉफ्टवेअरमधली नोंद, पुढे 'खरेदीदार' होऊ शकत नाही. म्हणजे एकाच माणसाची दोन खाती उघडावी लागणार, उचल एका खात्यावर आणि खरेदीची बाकी दुसऱ्यावर राहणार. विकणे आणि घेणे या त्या सौद्यापुरत्या भूमिका होत्या, आम्ही मात्र त्यांना माणसांचे प्रकार मानले होते.

चिदंबर आणि केमरर यांनी १९९४ मध्ये मांडलेली, क्लासची रचना आकड्यांत मोजणारी सहा मापेही आम्ही काढली होती. 'पट्टी' हा क्लास कपात, छपाई आणि एसएमएस ही सगळी कामे स्वतःच करत होता, हे कपलिंगच्या, म्हणजे एक क्लास इतर किती क्लासशी जोडला आहे त्या, आकड्याने लगेच दाखवले. 'खातेदार'चा दोष मात्र कोणत्याच आकड्यात उमटला नाही, कारण इन्हेरिटन्सची (क्लासच्या वारशाची) खोली अवघी एक होती. तेव्हापासून मी आकडे आधी पाहतो, पण कुठे बारकाईने वाचायचे, एवढेच त्यांना विचारतो.

दुरुस्त आराखडा आठवड्याने आला. त्यात 'खातेदार' एकच होता आणि विक्रेता कोण, घेणारा कोण, हे 'सौदा' सांगत होता. आम्ही तोच व्यवहार पुन्हा वाचला, आणि या वेळी दोन्ही रकमा एकाच खात्यावर आल्या.