रेगेन्सबुर्ग, बाबांच्या पावलांनी

रविवार, रात्रीचे साडेदहा

बाबा झोपले. नको नको म्हणत होते तरी त्यांच्या पायांना खोबरेल चोळून दिलं. सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत आम्ही नुसते चालत होतो. डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

म्यूनिकहून रेगेन्सबुर्गला गाडीनं दीड तास लागतो. मी आधी दोनदा जाऊन आले होते, पण आज ते गाव पहिल्यांदा पाहिल्यासारखं वाटतंय. बाबांनी सातारा जिल्ह्यात चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. शंकू-साखळीपासून सुरुवात, पुढे फलकयंत्र. कुठेही गेले की त्यांची नजर आधी हद्द शोधते. स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिला प्रश्न तोच, "जुनं गाव कुठून कुठपर्यंत होतं?"

म्हणून आधी पोर्टा प्रेटोरियाकडे नेलं. इ.स. 179 मध्ये, मार्कस ऑरेलियसच्या काळात, डॅन्यूबच्या काठी रोमन सैन्याची छावणी उभी राहिली. तिची ही उत्तरेकडची वेस. एक कमान आणि बुरुजाचा काही भाग उरलाय. पुढे बिशपच्या वाड्याचं बांधकाम तिच्यावर चढलं आणि 1885 मध्ये ते उकलताना कमान पुन्हा उजेडात आली. बाबा त्या काळपट घडीव दगडांवरून हात फिरवत राहिले. "वेस पाडली नाही, पोटात घेतली," एवढंच म्हणाले.

कॅथीड्रलचे 105 मीटर उंच मनोरे मान दुखेपर्यंत पाहिले, आतल्या रंगीत काचांचा उजेड पाहिला. तिथे फार थांबलो नाही.

थांबलो ते जुन्या टाउन हॉलपाशी. जर्मन साम्राज्याची संसद 1663 ते 1806 याच इमारतीत भरत होती. ते मी बाबांना सांगायला लागले तर त्यांचं लक्षच नव्हतं. दरवाज्याशेजारी भिंतीत तीन लोखंडी पट्ट्या ठोकल्यात, त्यांच्याकडे ते बघत होते. शहराचं पाऊल म्हणजे फूट, शहराचा एल म्हणजे कापड मोजायचं माप, आणि शहराचं क्लाफ्टर. कापडवाला, सुतार, लाकूड विकणारा, कुणाच्याही मापाबद्दल शंका आली तर इथे आणून ताडून बघायचं. क्लाफ्टर म्हणजे दोन्ही हात पसरून होणारं अंतर हे सांगितल्याबरोबर बाबा म्हणाले, "अगं, ही आपली वाव! विहिरीचा दोर वावानंच मोजायचे." आणि भर चौकात त्यांनी त्या पट्टीसमोर हात पसरले. बोटं थोडी कमी पडली. मग त्यांची तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, हे सगळं मी लहानपणी शंभरदा ऐकलेलं पुन्हा ऐकलं. आज ते किती छान वाटलं!

जवळच खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लर वारला ते घर आहे. 1630 साल. आपल्या थडग्यासाठीच्या ओळी त्यानं स्वतःच लिहून ठेवल्या होत्या: आकाश मोजत होतो, आता पृथ्वीच्या सावल्या मोजतोय. ते थडगं युद्धात गेलं, ओळी तेवढ्या राहिल्या. बाबांनी त्या माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतल्या आणि खिशातल्या वहीत मराठीत उतरवल्या.

मग व्हालेनस्ट्रासे या गल्लीतून नॉयफारप्लाट्झ चौकात. गल्लीतला सोनेरी मनोरा एका व्यापारी घराण्याचा. असे घरांना जोडलेले मनोरे जुन्या गावात बरेच आहेत. चौकाच्या मधोमध चर्च, आणि त्याच्या बाजूला जमिनीतून थोडेसे वर आलेले पांढरे चौथरे. पोरं त्यांवर बसून आइस्क्रीम खात होती. बाबांनी लांबूनच ओळखलं, "हा कशाचा तरी पाया आहे."

इथे ज्यू लोकांची वस्ती होती. ते बादशहाच्या संरक्षणात होते. जानेवारी 1519 मध्ये मॅक्सिमिलियन बादशहा वारला आणि पुढच्याच महिन्यात नगरसभेनं त्यांना हाकलून दिलं. सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, पाडलं. कबरस्तानातले दगड उपटून लोकांनी आपल्या घरांच्या भिंतींत बसवले, विजयाची खूण म्हणून. काही अजून दिसतात. चित्रकार आल्टडॉर्फर तेव्हा नगरसभेत होता. जागा रिकामी करा, हे सांगायला गेलेल्यांत तो होता आणि पाडण्याआधी त्याच सिनेगॉगची दोन चित्रंही त्यानं कोरून ठेवली. ही दोन्ही कामं एकाच माणसानं कशी केली असतील, मला अजून कळत नाहीये. 1995 पासून इथे उत्खनन झालं, पाया सापडला, आणि 2005 मध्ये दानी काराव्हान या इस्रायली शिल्पकारानं त्याच आराखड्याचं हे स्मारक उभारलं.

बाबांनी त्याला एक पूर्ण फेरी मारली. कडेकडेनं, सावकाश. मग म्हणाले, "तिकडे भिंतीवर माप ठोकून ठेवलं, कुणी कुणाला फसवू नये म्हणून. तीच माणसं ना ही?" मी हो म्हटलं. "बांध कोरणारे खूप पाहिले मी. पण मेलेल्यांचे दगड..." वाक्य पुरं केलं नाही.

संध्याकाळी दगडी पुलावर गेलो. 1135 ते 1146, अकरा वर्षांत बांधलेला. बाबांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं, कुठल्याही पुलावर ते पावलं मोजतातच. चालता चालता मी सांगितलं की हाकललेल्यांपैकी काहींना पलीकडच्या तीरावर, श्टाटआम्होफला आसरा मिळाला. पलीकडे पोचल्यावर विचारलं, "किती झाली?"

"मोजली नाहीत. ते याच पुलावरून गेले असतील ना?"

बाकावर बसून ब्रेत्सेल खाताना त्यांनी विचारलं, ते परत आले का. आले, म्हटलं. 1912 मध्ये नवं सिनेगॉग बांधलं, ते 1938 मध्ये नाझींनी जाळलं. 2019 मध्ये पुन्हा उभं राहिलं.

"जाळलेलं होतं, त्याच जागेवर?"

"त्याच."

बाबांनी मान हलवली, वही काढली आणि ते साल लिहून घेतलं.