बारसं साताऱ्यात, आत्या न्यू जर्सीत, काका ऑकलंडला: कॉलची वेळ जुळवण्याचा माझा अनुभव

मार्चमध्ये लेकीचं बारसं होतं, तिसऱ्या रविवारी. आत्या म्हणजे माझी ताई न्यू जर्सीला, मामा लंडनला, चुलत काका ऑकलंडला. कानात नाव आत्याच सांगणार, मग व्हिडिओ कॉलवर का होईना ती हवीच, त्यामुळे वेळ ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

हिशोब तसा सोपा वाटतो, पृथ्वी २४ तासात ३६० अंश फिरते म्हणजे तासाला १५ अंश, आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावरची, म्हणून लंडनच्या ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. (पूर्वी मुंबईची वेगळीच वेळ होती म्हणे, आताच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे, ती १९५५ पर्यंत चालली!) खरा घोळ डेलाईट सेव्हिंगचा, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे ठेवण्याचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात, लंडनला शेवटच्या रविवारी, आणि न्यूझीलंडचा उन्हाळा आपल्या उलट, त्यामुळे त्यांचं आधीच पुढे असतं ते एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपण वर्षभर जागचे हलत नाही, बाकी सगळे आपल्याभोवती सरकत असतात. आमची तारीख नेमकी मधल्या आठवड्यांत, म्हणजे न्यू जर्सी साडेनऊ तास मागे, लंडन साडेपाच मागे, ऑकलंड साडेसात पुढे.

सकाळी सातला घ्यावं तर ताईकडे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ, छान, पण लंडनला पहाटेचा दीड. दुपारी बाराला ताईकडे मध्यरात्रीचे अडीच. संध्याकाळी साडेपाच ताईला आणि मामाला एकदम सोयीचं, पण ऑकलंडला रात्रीचा एक, शिवाय आई कॅलेंडर घेऊन उभी, "रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ असतो, त्यात नाव ठेवायचं नाही." विषय संपला. चौघांनाही सोयीची वेळ मिळणारच नव्हती, कुणाची तरी झोप मोडणारच. शेवटी दुपारी चार ठरलं: ताईकडे सकाळचे साडेसहा, लंडनला साडेदहा, ऑकलंडला रात्रीचे साडेअकरा पण रविवारच.

तेवढ्यात ताईच्या मिस्टरांनी ग्रुपवर टाकलं, "साडेसहा ईएसटी ना?" ईएसटी म्हणजे त्यांची हिवाळ्यातली वेळ, आमच्या तारखेला तिथे ईडीटी, म्हणजे उन्हाळ्यातली वेळ, चालू झालेली असते पण बोलताना सगळे ईएसटीच म्हणतात. मामाने ते जसंच्या तसं कन्व्हर्टरमध्ये घातलं तर आपल्याकडचे पाच आले, म्हणजे थेट राहुकाळात! मग मी ग्रुपवर "किती वाजता" हा प्रश्नच बंद केला, फोनच्या कॅलेंडरमध्ये टाईमझोन कोलकाता (म्हणजे आपली भारतीय वेळ) निवडून इन्व्हाईट पाठवलं, ज्याच्या त्याच्या फोनवर तिथली वेळ आपोआप दिसते. ज्यांना आकडा हवाच होता त्यांना साडेदहा यूटीसी (सगळ्या जगाची एकच प्रमाणवेळ) सांगितलं, कारण यूटीसीला उन्हाळा-हिवाळा नसतो.

चारला सगळे हजर. ताई नऊवारी नेसून, बाहेर अजून अंधारच. तिने स्पीकरवरून कुर्रर्र केलं, आणि पाठीत धपाटे घालायला तिची पाठ नव्हती म्हणून बायकांनी ते माझ्या पाठीत घातले.

सप्टेंबरात उष्टावण आहे. तेव्हा लंडन साडेचार तासच मागे असेल, आणि शेवटच्या रविवारच्या आत उरकलं तर ऑकलंड साडेसहाच पुढे. पण घास भरवायला मामा लागतो, त्यामुळे यावेळी आधी लंडनचं घड्याळ बघायचं आणि मग आईचं कॅलेंडर.