पाळीतलं दुखणं समजून घेताना: माझा अनुभव

शाळेपासून पाळी म्हटलं की ओटीपोटात कळा, कंबर-मांड्या भरून येणं, मळमळ आणि वर जुलाब. जुलाब का होतात हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं, शेवटी एका गायनॅक डॉक्टरांनी नीट समजावलं. गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, त्यांनी गर्भाशय जोरात आवळतं, तेवढ्यापुरता त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कळा येतात, आणि हीच रसायनं आतड्यांवर पण काम करतात म्हणून पोट बिघडतं.

हे कळल्यावर गोळीची वेळच बदलली. मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात, मग असह्य होईपर्यंत दातओठ खात थांबायचं कशाला? पाळी सुरू झाली की लगेच, काहीतरी खाऊन घ्यायची. (अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा प्लीज.) गरम पाण्याच्या पिशवीचाही खरंच फायदा होतो.

काही वर्षं बरं चाललं. मग दुखणं पाळीच्या आधीच सुरू व्हायला लागलं, संपल्यावरही रेंगाळायचं आणि त्या दिवसांत शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. 'मूल झालं की थांबेल' हे ऐकून तर इतका संताप यायचा! मी मोबाईलमध्ये लिहून ठेवायला लागले, कधी सुरू झालं, नेमकं कुठे, गोळीने किती फरक पडला, कामावर जाता आलं का.

सोनोग्राफी नॉर्मल आली तेव्हा मला रडूच कोसळलं, कारण दुखत तर होतंच ना. पण डॉक्टरांनी माझी नोंद सावकाश वाचली, शौचाच्या वेळच्या दुखण्यापाशी थांबल्या, अजून दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, एंडोमेट्रिओसिस असू शकतो, सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा टिश्यू गर्भाशयाबाहेर वाढतो. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटाला छोटा छेद देऊन दुर्बिणीने केलेल्या तपासणीत, तो प्रत्यक्ष बघता येतो, पण आधी औषधं देऊन बघता येतं म्हणाल्या, म्हणून डायनोजेस्ट हे हार्मोनचं औषध सुरू केलं. सुरुवातीला मधेमधे स्पॉटिंग (थोडं थोडं रक्त जाणं) झालं, त्याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती म्हणून घाबरले नाही. आता दुखणं पुष्कळ कमी आहे, लॅप्रोस्कोपीचं सध्या तरी लांबणीवर टाकलंय. नोंदी मात्र चालूच आहेत, प्रत्येक फॉलोअपला डॉक्टर पहिल्यांदा त्याच मागतात.