उभी पट्टी, आडवी पट्टी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती जिन्याखालची खोली. ऋण सगळ्याच शिक्षकांचं आहे, पण मी लिहिणार इंजिनिअर सरांबद्दलच. बाकीच्यांनी रागावू नये.

सर शाळेच्या नोकरीत नव्हते. दिवसभर स्वतःचं काम उरकून संध्याकाळी त्या खोलीत आम्हाला गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायला यायचे. जोडीला थोडंसं इंजिनिअरिंगही, जे कुठल्याच परीक्षेत येणार नव्हतं. उदाहरण सोडवण्याआधी समासात अंदाज लिहायचा, हा त्यांचा हट्ट. उत्तरापुढे एकक लिहायचं राहिलं की विचारायचे, "बारा काय? बकऱ्या?"

नववीतली गोष्ट. दोन बाकांच्या फटीवर त्यांनी लाकडी फूटपट्टी आडवी ठेवली आणि मधोमध पाण्याची भरलेली बाटली टांगली. पट्टी वाकली. मग तीच पट्टी कडेवर उभी धरली, तर ढिम्म हलेना. "किती पट ताठ झाली? अंदाज लिही." मी लिहिलं, दुप्पट. सर हसले नाहीत. बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर माझ्या हातात दिला. रुंदी ३० मिलिमीटर, जाडी ३. उंची दहापट झाली की ताठपणा तिच्या घनाने, म्हणजे हजारपट वाढतो. रुंदी दहावा हिस्सा उरल्यामुळे त्यातले शंभर पट हाती राहतात. शंभर! मी ओशाळले. सर म्हणाले, "अगं, गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात तुळईची ताकद खरीच्या तिप्पट धरली होती. तू निदान कमी धरलीस, तुझी इमारत पडणार नाही."

इतकं ऐकल्यावर अंगात आलंच. उभ्या पट्टीवर मी माझं दप्तर टांगलं. टिकलं. मग सर फळ्याकडे वळल्याचं बघून तेच दप्तर आडव्या पट्टीवर. काड्! सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "ताठपणा शंभरपट, पण ताकद फक्त दहापट. का, ते उद्या सांग."

रात्रभर डोकं खाजवून सांगितलं एकदाचं.

आज मी इमारतींचे आराखडे करते. संगणक क्षणात आकडे देतो, तरी कागदाच्या कडेला आधी माझा अंदाज असतोच. हाताखालची मुलं त्यावरून चेष्टा करतात. मध्यंतरी एका तुळईचं माप भरताना उंची आणि रुंदीची अदलाबदल झाली होती. पडद्यावर सगळं हिरवं दिसत होतं, आणि समासातल्या आकड्यानं ती चूक पकडली. तेव्हा सरांना कळवायला हवं होतं. राहून गेलं.

जिन्याखालच्या खोलीत आता संगणक मांडलेत म्हणे. मांडोत. तिथला तो एक डुगडुगणारा बाक कुठे गेला, एवढं कुणीतरी सांगा.

आणि हो, मोडलेली पट्टी माझी नव्हती. शेजारणीची होती, आणि मी तिला ती आपोआप मोडली असं सांगितलं होतं. ती समारंभाला येणार असेल, तर नवी घेऊन येते.